चारदिवशेंचं बाक

चारदिवशेंना एक खरं आडनाव होतं, पण ते आता दवाखान्याच्या कागदांपुरतंच उरलं होतं. बाकी सगळीकडे ते चारदिवशे. हे नाव धंद्याने दिलेलं. ते सुतार होते, पण घरादारांचे किंवा खाटा-कपाटांचे नव्हेत, तर प्रदर्शनातल्या स्टॉलचे. प्रदर्शन चार दिवस चालायचं. आदल्या रात्री ठोकाठोक करून सगळं उभं करायचं, आणि प्रदर्शन उठलं की त्याच हातांनी स्क्रू उलटे फिरवून ट्रकमध्ये भरायचं. उभ्या हयातीत त्यांनी चकचकीत स्वयंपाकघरं बांधली, बँका बांधल्या, एकदा तर जहाजाचा अख्खा पुढचा भाग बांधला. यातल्या एकानेही पाचवा दिवस पाहिला नाही.

लग्न नवीन असताना सासऱ्यांनी मोठ्या हौसेने म्हटलं होतं, "जावईबापू, तुमचं काम एकदा डोळ्यांनी बघायचंय." जावईबापूंना कोण आनंद! पण सासरे निघाले ते आरामात, वाटेत एका मेव्हण्याकडे मुक्काम ठोकून, आणि पोचले तेव्हा सगळा बाजार उठलेला. भलामोठा रिकामा हॉल, आणि मधोमध एक माणूस झाडू मारतोय. सासरे सज्जन गृहस्थ. त्यांनी चारी बाजूंना मान फिरवून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. ऐसपैस आहे. हे सगळं तुम्हीच बांधलंत?" आता हॉल काही चारदिवशेंनी बांधलेला नव्हता. ते नुसते नखं बघत उभे राहिले. ही गोष्ट त्यांच्या बायकोने पुढे जन्मभर पुरवून पुरवून वापरली. पाहुणे आले की ती आधी पाणी द्यायची आणि मग ही गोष्ट.

घरात तरी काय होतं दाखवायला? एक कपाट, तेही प्रदर्शनातल्या उरलेल्या तक्त्यांचं. एका दारावर एका हसऱ्या बाईचा अर्धा चेहरा, आणि दुसऱ्यावर 'उद्याचं घर, आजच्या' एवढीच अक्षरं. आजच्या काय, ते कापताना दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेलं होतं. "आजच्या कचऱ्यातून," असं बायको वाक्य पूर्ण करायची.

चारदिवशे हसायचे, पण आता हसणं जरा कमी झालं होतं. वय साठीकडे झुकलं होतं. रात्र-रात्र उकिडवं बसून स्क्रू पिळायचे म्हणजे गुडघे कुरकुर करत आणि दिवसा झोप लागत नसे. धंद्यात नवी पोरं आली होती, ती चारदिवशेंना मान द्यायची, पण शिडी स्वतःच चढायची. आणि मनात एक गोष्ट बरीच वर्षं सलत होती. एकदा विषय निघाला तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, "आपल्या हातची एक तरी वस्तू कुठेतरी उभी राहावी गं. मी गेल्यावर नव्हे, मी असताना." बायकोने त्या दिवशी सासऱ्यांची गोष्ट काढली नाही.

रोजची ये-जा आगगाडीने. ज्या स्टेशनावर ते उतरत ते स्टेशन म्हणजे एक चमत्कारिक प्रकरण होतं. एका दाराने बाहेर पडलं की विमानतळ आणि समोरच्या दाराने बाहेर पडलं की प्रदर्शनाचे हॉल. दोन दारांच्या मधे एक लांबरुंद दालन. विमानवाले चाकांच्या बॅगा ओढत, घड्याळ बघत, एकमेकांवर खेकसत जायचे. प्रदर्शनवाले गळ्यात पट्टे अडकवून, पिशव्या भरभरून माहितीपत्रकं घेऊन यायचे, जी ते जन्मात वाचणार नसत. त्या स्टेशनावर यायचं असं कुणालाच नसे, सगळ्यांना तिथून पुढे जायचं असे. बसायला लोखंडी खुर्च्या होत्या, भोकाभोकांच्या आणि थंडगार. माणसं त्यांच्यापेक्षा स्वतःच्या बॅगेवर बसणं पसंत करायची.

या स्टेशनाच्या प्रमुख एक बाई होत्या. उंच, कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. चारदिवशेंशी त्यांची ओळख भांडणातून झाली. चारदिवशे एक लांबलचक तक्ता घेऊन सरकत्या जिन्यावर उभे राहिले होते आणि मागच्या चार माणसांना खाली वाकावं लागलं होतं.

"मिस्त्री, घर हलवताय का?" बाई कडाडल्या.

"नाही मॅडम. घर उठलं, त्याची भिंत चाललीय."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पुढे एकदा तिकीटखिडकीची फळी निखळली आणि सगळे तारांबळ करत असताना चारदिवशेंनी जाता जाता खिशातल्या पेचकसाने ती बसवून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी ते खिडकीतून बघितलं होतं. आठवड्याभराने त्यांनी चारदिवशेंना आत बोलावलं.

"मला मधल्या दालनात लाकडाचं बाक हवंय. चांगलं लांब, पाठ टेकता येईल असं. आपल्या जुन्या मालगोदामाच्या छपराच्या तुळया पडून आहेत, त्या वापरा. तिथेच काम करा. मोठं प्रदर्शन सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे, तेव्हा माणसांचा पूर येतो. वरच्या साहेबांना माझं हे बाकाचं खूळ पटलेलं नाही, हेही सांगून ठेवते. पण नीट झालं, तर स्टेशनाचं सगळं लाकडी काम तुमच्याकडे. दिवसाचं काम. कायमचं."

कायमचं! हा शब्द चारदिवशेंच्या धंद्यात कुणी तोंडातून काढत नसे. ते घरी आले आणि चपला काढायच्या आधीच त्यांनी बायकोला सांगून टाकलं. बायको म्हणाली, "बघा हं. लोक बसतील त्याच्यावर. नुसतं बघणार नाहीत."

मालगोदामात त्यांनी तुळयांवर पहिल्यांदा रंधा मारला तेव्हा वरची काळी कातडी निघून आतून मधासारखा रंग आला. चारदिवशे काम थांबवून बघत राहिले. कित्येक वर्षांत त्यांच्या हाताला खरं लाकूड लागलं नव्हतं, सगळं प्लाय आणि वर चिकटवलेला कागद. वडिलांनी शिकवलेले खाचेत खाच बसवायचे सांधे आपण विसरलो, असं त्यांना वाटत होतं, पण हात विसरले नव्हते. बसायची फळी त्यांनी मागे किंचित उतरती ठेवली, कडा गोल केल्या, पाठ अशी झुकवली की टेकलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप "हुश्श" निघावं. मापासाठी ते स्वतःच पुनःपुन्हा बसून बघत आणि पुनःपुन्हा हुश्श करत. मग बाक फिरवून त्याच्या मागच्या अंगाला आधाराचे पट्टे आणि प्लायचे तक्ते ठोकले, नेहमी ठोकत तसेच.

बाक पूर्ण झालं तेव्हा बाई आईच्या आजारपणामुळे सुट्टीवर होत्या. चारदिवशेंना काही धीर धरवेना. सामान ढकलणाऱ्या चार गड्यांना हाताशी धरून त्यांनी बाक दालनाच्या मधोमध नेऊन ठेवलं आणि विमानतळाच्या दाराशी उभे राहून, मान तिरकी करून बघितलं. देखणं! मग त्यांनी आपल्या टोळीला बोलावलं. सगळी प्रदर्शनाची जुनी खोडं, त्यात त्यांचा जन्माचा जोडीदार रंगारीही होता. कुणी कडेवरून हात फिरवला, कुणी सांध्यात नख घालून बघितलं, रंगारी तर ओणवा होऊन खालून बघून आला. एक गडी मागच्या बाजूला जाऊन, टेकून उभा राहून, अख्खा चहा पिऊन आला. त्याला तिथे काही वावगं दिसलंच नाही.

"मिस्त्री, तोडलंस!" रंगारी म्हणाला. चारदिवशेंची छाती दोन बोटं वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बघायला आली. तिची बस प्रदर्शनाच्या बाजूला थांबते, म्हणून ती त्या दाराने आत आली. दालनात बघते तर मधोमध एक मळकट आडोसा उभा. डागाळलेला प्लाय, त्यावर पेन्सिलीच्या रेघोट्या, गोंदाचे ओघळ. तिला वाटलं, खोदकाम काढलंय वाटतं, लोक पडू नयेत म्हणून लावलंय. ती वळसा घालून तिकीटखिडकीशी गेली आणि विचारलं, "इथे ते नवीन बाक ठेवलंय ना, ते कुठाय हो?" खिडकीतल्या माणसाने आडोशाकडे बोट दाखवलं.

ती पुढच्या बाजूला आली तर नवरा नवीन सदरा घालून बाकाशेजारी उभा. जसा काही फोटो निघणार आहे.

ती बसली. टेकली. तिच्या तोंडून हुश्श निघालं. मग ती हळूच म्हणाली, "अहो, फार सुरेख झालंय. पण याची पाठ कुठाय?"

"ही काय! टेकलीयेस ना तू?"

"ही नव्हे. मागची."

"मागे काय बघायचंय?"

"तुम्ही बघून या एकदा. मी बसते."

चारदिवशे मागे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या कामाची मागची बाजू परक्या माणसाच्या डोळ्यांनी बघितली. स्क्रूची डोकी वर आलेली, पट्टे कसेही कापलेले, आकडेमोड, आणि मधोमध त्यांच्याच अक्षरात खडूने ठसठशीत लिहिलेलं: 'ही बाजू भिंतीकडे'. स्टॉलची मागची बाजू नेहमी भिंतीकडे किंवा दुसऱ्या स्टॉलच्या पाठीकडे असते. तिथे रंग नाही, पॉलिश नाही, काही नाही. इथे भिंत कुठे होती? सगळ्यात जवळची भिंत तिकीटखिडकीपलीकडे. आणि समोरच्या दारातून माणसं आत येत होती आणि सरळ या उघड्या पाठीकडे बघत होती. दोन शाळकरी पोरी खडूची अक्षरं वाचून फिदीफिदी हसत गेल्या.

चारदिवशे बराच वेळ पुढे आलेच नाहीत. बायको उठून मागे गेली तेव्हा ते सदऱ्याच्या बाहीने खडू पुसत होते.

"मला एकाने तरी सांगायचं," ते म्हणाले.

"त्यांना कसं दिसणार? ते पण तुमच्याच पंथातले."

त्याच दुपारी बाई सुट्टीवरून परतल्या. त्यांनी पुढून बघितलं, बसल्या, मान डोलावली. मग मागे गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "मिस्त्री, निम्मी माणसं त्या दाराने येतात. त्यांना मी हे दाखवू? प्रदर्शन सुरू व्हायला चारच दिवस आहेत. तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर मला लोखंडी खुर्च्या परत मांडाव्या लागतील. मग पुढच्या कामाचंही माझ्या हातात राहणार नाही."

चारच दिवस. नशीबही अशी चेष्टा करतं.

रंगाऱ्याकडे तोडगा तयार होता. "काय घाबरतोस? मोठा छापील कागद चिकटवू. डोंगर, झरा, काय पाहिजे ते. तासाभराचं काम, कुणाच्या बापाला कळणार नाही." चारदिवशेंनी होकारार्थी मान डोलावली. खरंच सोपं होतं. जन्मभर तेच तर केलं होतं.

माप घ्यायला म्हणून ते संध्याकाळी बाकाच्या मागे जमिनीवर फतकल मारून बसले. त्या दिवशी एक लहानसं प्रदर्शन उठत होतं आणि तिथली माणसं स्टेशनात येत होती. गणवेशातली एक मुलगी, गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर दिवसभराचं हसू वाळून गेलेलं, बाकाच्या पुढच्या बाजूला डोकावली. तिथे विमानवाले बॅगांसकट पसरले होते. ती मागे आली, बूट काढले आणि चारदिवशेंच्या शेजारी जमिनीवर बसून त्या मळक्या प्लायला टेकली.

"चालेल ना काका, इथे बसलं तर?"

"बस बाळ. पण इथे घाण आहे."

"असू दे. दिवसभर उभी होते. आमच्या स्टॉलमध्ये खुर्चीच नव्हती." मग ती डोळे मिटून म्हणाली, "मागेच बरं असतं. कुणी बघत नाही."

चारदिवशेंच्या हातातली मोजपट्टी सटकन गुंडाळली गेली. स्टॉलमध्ये खुर्ची ठेवायची नाही, पोरी उभ्याच राहिल्या पाहिजेत, असं मालक सांगत आणि चारदिवशे मुकाट्याने तसेच स्टॉल बांधत. त्या पोरी मग कुठे बसत, तेही त्यांना ठाऊक होतं. मागे, कच्च्या प्लायच्या आड, रिकाम्या खोक्यांवर. तिथेच त्या बूट काढत, तिथेच डबे उघडत. चारदिवशे स्वतः तिथेच जेवत, रंगारी तिथेच अंग टाकत असे. मागची बाजू ही आपल्या माणसांची बाजू, आणि म्हणूनच तिला रंधा मारायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपल्याच माणसांसाठी जन्मभर आपण कुसळं ठेवली, असं त्यांना वाटलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी गाडी आल्यावर गेली. चारदिवशे तडक रंगाऱ्याकडे गेले.

"डोंगर नको."

"मग काय, समुद्र?"

"बाक. मागेही बाक करायचं. तसंच्या तसं."

"वेड लागलंय तुला. चार दिवसांत?"

"एका रात्रीत मी जहाज बांधलंय," चारदिवशे म्हणाले.

बाईंनी त्यांना बाक परत मालगोदामात नेऊ दिलं. प्लाय उखडून टाकला. तुळया शिल्लक होत्या, पण त्यांच्यात खिळे फार. ते एकेक उपटायचे, मग कापायचं, मग रंधा. बायकोने शाळेतल्या मदतनिसाच्या कामावर रजा टाकली आणि पॉलिशपेपर घेऊन बसली. ती घासायची आणि बडबडायची, "माझ्या बाबांना दाखवायला हवं होतं. म्हणाले असते, ऐसपैस आहे." चारदिवशेंचे गुडघे असे धरले की उठताना त्यांना तुळईचा आधार घ्यावा लागे, पण त्यांनी एकही सांधा स्क्रूवर भागवला नाही. पुढच्या पाठीला जेवढा उतार, तेवढाच मागच्या पाठीला. पुढे जेवढी गोलाई, तेवढीच मागे. रंगारी शेवटच्या दिवशी पॉलिशचा डबा घेऊन उगवला. दोन शिव्या घालून त्याने बाह्या वर केल्या आणि दोन्ही बाजूंना सारखाच हात मारला.

प्रदर्शनाच्या सकाळी बाक दालनात आलं. बाई विमानतळाच्या दाराने आत आल्या, बसल्या, उठल्या. मग दालनाला वळसा घालून प्रदर्शनाच्या दारापाशी गेल्या, तिथून पुन्हा चालत आल्या आणि दुसऱ्या बाजूला बसल्या. हात फिरवून बघितला.

"मिस्त्री, याची मागची बाजू कोणती?"

चारदिवशेंनी बाकाकडे बघितलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. कोणती बाजू आधी केली, ते क्षणभर त्यांनाही सांगता येईना.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "मागची बाजूच नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "विश्रामगृहाची दारं घासतात जमिनीला."

तेवढ्यात गाडी आली आणि माणसांचा लोंढा वर आला. बॅगावाले एका बाजूला, पट्टेवाले दुसऱ्या बाजूला, पाठीला पाठ लावून बसले. दोन्हीकडून हुश्श ऐकू आलं. बायकोने नवऱ्याच्या दंडाला हळूच चिमटा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि लोकांदेखत ते तिला चालणार नव्हतं.

त्यानंतर बरीच प्रदर्शनं आली आणि उठली. चारदिवशेंनी स्टेशनाची दारं सरळ केली, खिडक्या केल्या. टोळी मात्र अजून प्रदर्शनाच्या दाराने ये-जा करते आणि जाताना चारदिवशेंना टपल्या मारते. परवा रंगारी बाकापाशी थांबला आणि वाकून बघायला लागला. बसायच्या फळीच्या टोकाशी, जिथे उठताना माणसं हात टेकतात, तिथलं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. दुसऱ्या बाजूलाही, बरोबर तिथेच. कडेला कुणाच्या तरी बॅगेचा ओरखडा होता.

"अरेरे," रंगारी म्हणाला. "थांब, डबा आणतो. एक हात मारला की नव्यासारखं होईल."

चारदिवशेंनी त्याचं मनगट धरलं. मग त्या उघड्या जागेवर आपला तळवा ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले. चेहरा असा फुलला होता की रंगारी गोंधळून बघतच राहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "माझं काम जुनं होतंय रे. आजवर कधी झालंच नव्हतं."